श्रोता घडवणारा गवई

१८९६ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी मिरज सोडली, तेव्हा त्यांचे वय होते चोवीस. लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाल्याने दृष्टी अधू झालेली. गाठीला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडची ग्वाल्हेर गायकीची कडक तालीम आणि मनात एक सल. त्या सलाची हकीकत गाणाऱ्यांच्या घरांतून आजही सांगितली जाते. मिरजेतल्या एका प्रतिष्ठित समारंभाचे बोलावणे विष्णुबुवांना आले, कारण संस्थानिकांची त्यांच्यावर मर्जी होती. गुरुजींना मात्र बोलावणे नव्हते. का, म्हणून विचारले तर उत्तर आले की ते काय, गवई आहेत.

अशा अपमानावर त्या काळात एकच उपाय ठाऊक होता. याहून मोठा दरबार गाठायचा, मोठी बिदागी मिळवायची आणि मोठ्या राजाची शाल पांघरून परत यायचे. विष्णुबुवा बडोदे, ग्वाल्हेर असे फिरले, दरबारांतही गायले, पण कुठल्याच दरबारात रुजू झाले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. ऐकायला कोणीही यावे, दर माफक. राजवाड्यात, देवळात किंवा एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात होणारे गाणे त्या दिवशी पैसे मोजून आत येणाऱ्या कुणाही माणसासमोर झाले. आज नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकीट काढताना आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण त्या काळच्या गवयाच्या दृष्टीने पाहिले तर हे धाडस होते. दरबारातला श्रोता एक असला तरी जाणता असे. तिकीट काढून आलेले पाचशे लोक असतील, पण यमन आणि भूप यांतला फरक त्यांतल्या कितींना कळणार? आणि ज्याला कळत नाही तो दुसऱ्यांदा का येईल?

पलुसकरांच्या पुढच्या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी मला हा प्रश्न दिसतो. त्यांना थोर गायक म्हणून, संगीताला प्रतिष्ठा मिळवून देणारे म्हणून, देशभक्त म्हणून आपण ओळखतो. कलेला बाजार कसा मिळवून द्यायचा, हे इतक्या मुळापासून ओळखलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बाजार हा शब्द इथे वापरताना मला संकोच वाटत नाही. गवयाचे पोट राजाच्या लहरीवर चालावे की हजारो लोकांच्या आवडीवर, हा प्रश्न कलेच्या प्रतिष्ठेचाच होता.

उत्तराची बीजे बहुधा घरातच होती. कुरुंदवाडला त्यांचे वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. कीर्तनाची रीत आपल्याला माहीत आहे. आधी पूर्वरंग, त्यात एक विचार मांडायचा, दृष्टांतांनी तो उलगडायचा, मग उत्तररंगात आख्यान. आख्यान सुरू होते तेव्हा समोरचा श्रोता तयार झालेला असतो. तो आता काय ऐकणार आहे आणि त्यात काय पाहायचे, हे बुवांनी त्याला आधीच सांगितलेले असते. शेवटी आरतीच्या तबकात जे पडते ते त्या समजुतीतून पडते. पलुसकरांनी कीर्तनाचा हा पूर्वरंग रागसंगीताला जोडला, असे मी म्हणेन. त्यांचा पूर्वरंग मात्र तासाभराचा नव्हता. तो पुरा व्हायला वर्षे लागणार होती, म्हणून त्यासाठी त्यांनी शाळा काढली.

लाहोरला ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. कृष्णाकाठचा एक मराठी गवई पंजाबात का गेला, याचे गिरनारवर भेटलेल्या साधूच्या उपदेशाने स्पष्टीकरण देणारी आख्यायिका आहे. मला लाहोर शहराचे स्वरूप अधिक बोलके वाटते. तिथे आर्य समाजाच्या चळवळीने शिकलेला, सभांना जाणारा, वर्गणी देणारा मध्यमवर्ग तयार केला होता. शाळा-महाविद्यालये होती, वर्तमानपत्रे आणि छापखाने होते. गाण्याला ताब्यात ठेवणारा दरबार तेवढा नव्हता. नव्या विचाराला कान देणारी माणसे जिथे आधीच एकत्र येत होती, तिथे पलुसकर गेले. ज्याला आपली कलाकृती चार लोकांपर्यंत न्यायची आहे त्याने नीट पाहावी अशी ही निवड आहे. लोक जमवायला ते बसले नाहीत, जमलेल्या लोकांत गेले.

तरीही पहिले दिवस कठीण गेले. दारावर पाटी आहे, आत विद्यार्थी नाही, आणि बुवा तानपुरा घेऊन ठरल्या वेळी वर्गात बसून एकटेच रियाज करताहेत, असे त्या दिवसांचे वर्णन शिष्यपरंपरेत सांगतात. हळूहळू मुले आली, मग थोर घरांतल्या मुली आणि स्त्रियाही आल्या. फी, हजेरी, इयत्ता, परीक्षा, ठरलेला पाठ्यक्रम, वेळेवर सुरू होणारा वर्ग ही सगळी इंग्रजी शाळेची चौकट त्यांनी गाण्याला लावली. गुरूच्या घरी पाणी भरून वर्षांनंतर एखादी चीज पदरात पडण्याच्या जागी आता पहिल्या महिन्यात अलंकार, दुसऱ्या महिन्यात सरगमगीत. यातून मोठे कलावंत निघत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. पण पलुसकरांना ते ठाऊक होते. तानसेन घडवणे आपल्या हाती नाही, कानसेन मात्र घडवता येतील, असे त्यांच्या नावावर सांगितले जाते. त्यांच्या शाळेतून वर्षा-दोन वर्षांनी बाहेर पडलेला वकील, शिक्षक, रेल्वेतला कारकून, कोणाची सून यांनी पुढे कधी जाहीर गायन केले नसेल. पण जलशाला पुढच्या रांगेत ते बसले. समेवर त्यांची मान हलली. शेजारी बसलेल्याला त्यांनी हळूच सांगितले की आता अंतरा येईल.

दुसरे पाऊल याहून मोठे होते. पलुसकरांनी चिजा छापल्या. स्वतःची स्वरलिपी बनवली, ‘संगीत बालबोध’, ‘रागप्रवेश’ यांसारखी पुस्तके काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. घराण्यांच्या जगात बंदिश म्हणजे धन. अनेक उस्ताद ती मुलाला किंवा जावयाला देत, शागिर्दाला हात राखून देत, आणि मैफलीत गातानाही कोणी चोरून नेऊ नये म्हणून शब्द गाळून गात. अशा काळात दोन-चार आण्यांच्या पुस्तकात आरोह-अवरोहासकट चीज देऊन टाकणे म्हणजे दुकानातला माल रस्त्यावर ठेवण्यासारखे होते. घडले मात्र उलटे. ज्याने पुस्तकातून बागेश्री गुणगुणून पाहिला, त्याला स्वतःच्या गळ्याची मर्यादा कळली आणि मोठ्या गवयाचा बागेश्री ऐकायची तहान लागली. कागदावर उतरतो तो चिजेचा हाडांचा सापळा. त्यावरचे मांस, त्यातला श्वास हा समोर बसून गाणाऱ्याकडेच मिळतो. चीज वाटून गाणे संपत नाही, हे पलुसकरांनी नेमके हेरले होते.

त्याच वेळी मुंबईत विष्णु नारायण भातखंडे वेगळ्या वाटेने हेच काम करत होते. पेशाने वकील. गावोगावच्या उस्तादांकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या, रागांची थाटांत मांडणी केली, क्रमिक पुस्तके काढली, १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्यांची स्वरलिपी सोपी होती आणि पुढे तीच अधिक चालली. पलुसकरांची लिपी बारकावे टिपणारी, पण वाचायला जड. दोघांच्या तुलनेवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. इथे एवढेच पुरे की भातखंड्यांनी संगीताचे शास्त्र जाणकारांपुढे ठेवले, तर पलुसकरांनी ज्यांना अजून जाणकार व्हायचे होते त्यांना हाताला धरून आणले.

आणि महाराष्ट्रात तिसरी वाटही होती. तिच्यावरून गर्दीच जात होती. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, संगीत नाटकांनी रागदारी थेट पिटातल्या प्रेक्षकापर्यंत नेली. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली लोक घरोघर म्हणू लागले, तेव्हा आपण अस्सल ख्यालाच्या आणि पूरब ठुमरीच्या चालींचे संस्कार घेत आहोत याची बहुतेकांना कल्पना नव्हती. नाटकाने कान तयार केले, पण नाव सांगितले नाही. पलुसकरांच्या शाळेने नाव सांगितले. भीमपलास गळ्यात आधीच होता, तो भीमपलास आहे हे कळणे बाकी होते. मराठी मुलुखात रागसंगीताला जो दर्दी, चोखंदळ आणि संख्येनेही मोठा श्रोता मिळाला, तो या दोन्हींच्या संगमातून मिळाला असे मला वाटते. यातले एक नसते तरी पुण्या-मुंबईतल्या मैफली आजच्यासारख्या भरल्या नसत्या.

पलुसकरांचे हिशेब मात्र कधी जुळले नाहीत. १९०८ साली गांधर्व महाविद्यालय मुंबईत आले. विद्यार्थी वाढले, छापखाना चालला, वाद्यांचे काम सुरू झाले, स्वतःची इमारत उभी राहिली. या साऱ्याचा भार बुवांच्या गळ्यावर होता. जलसे करायचे, मिळालेले पैसे शाळेत घालायचे, पुन्हा दौऱ्यावर निघायचे. त्यांचा ‘उपदेशक’ वर्ग तर पूर्ण तोट्याचा. त्यात निवडक मुलांना वर्षानुवर्षे जेवणखाण देऊन फुकट शिकवायचे आणि त्यांनी पुढे गावोगाव जाऊन गाणे शिकवायचे, असा करार असे. कर्ज वाढत गेले आणि विसाच्या दशकात सावकारापायी इमारत हातची गेली. तोवर बुवांचा ओढा रामनामाकडे वळला होता, नाशिकला रामनाम आधाराश्रम सुरू झाला होता. ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेत त्यांचे निधन झाले. जिथून निघाले होते तिथेच, आणि बहुतांशी रिकाम्या हातांनी. श्रोता घडायला पिढी लागते आणि सावकाराची मुदत वर्षाची असते. कला लोकांपर्यंत नेण्याच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाने ही तफावत आधी मान्य करावी.

आणखी एक किंमत होती, ती दुसऱ्यांनी मोजली. सभ्य घरांतल्या माणसांनी गाण्याला यावे म्हणून पलुसकरांनी गाण्याला सोवळे नेसवले. शृंगाराचे शब्द बदलून भक्तीचे घातले, वर्गाला प्रार्थनेची जोड दिली, भजनाला जलशात मानाचे पान दिले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीतावर आक्षेप घेतला तरी ते गायले. ‘रघुपती राघव’ची जी चाल देशभर पोचली ती त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थनेचे संगीत पाहत आणि १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले. या सगळ्याने संगीत राष्ट्राच्या घरात आले हे खरे. पण ज्यांनी ते शतकानुशतके जपले, ते मुसलमान उस्ताद आणि बैठकीच्या गायिका या नव्या सभ्य घराच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या. त्यांच्याकडून आलेली विद्या हवी होती, त्यांची सावली नको होती. इतिहासकारांनी ही टीका केली आहे आणि ती मला पटते. नवा श्रोतृवर्ग घडवताना कोणाला पायरीवर थांबवले, हे सांगितल्याशिवाय पलुसकरांची गोष्ट पुरी सांगितली असे होत नाही.

त्या पायरीवरच्यांनी दार उघडले ते आपल्या बळावर. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात स्वतःचे विद्यालय काढले, स्वतःचे जाहीर जलसे केले, आणि मिरज हीच आपली भूमी मानली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावलेल्या जलशात नऊवारी नेसून, शांत बैठक घालून गायला बसल्या, तेव्हा जाहीर मंचावरच्या स्त्रीकडे पाहण्याची नजर बदलली. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी तर तयार कानांच्या त्याच श्रोत्यांना आपल्या गायकीच्या ताकदीवर खिळवून ठेवले. पलुसकरांनी घडवलेल्या श्रोत्याला शेवटी त्यांनी ज्यांना बोलावले नव्हते त्यांचेही गाणे आवडले. कान एकदा तयार झाला की तो तयार करणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

गुरू गेल्यावर त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यातली मोठी नावे. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय उघडले आणि ‘रागविज्ञान’चे भाग लिहिले. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. पण आपल्या विषयासाठी मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते देवधर मास्तर.

मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या आपल्या संगीत विद्यालयात त्यांनी घराण्याच्या भिंती ठेवल्या नाहीत. गावात आलेला कुठल्याही घराण्याचा गवई तिथे येई, गाई, बोले, आणि विद्यार्थी ऐकत. ‘संगीत कला विहार’ या मासिकातून त्यांनी गवयांची जी शब्दचित्रे लिहिली, ती पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आली. ही शब्दचित्रे म्हणजे श्रोता कसा घडवावा याचा उत्तम नमुना आहे. अमुक गवई थोर, असे सांगून ते थांबत नाहीत. त्याचा आवाज कसा लागे, तो रागात शिरायचा कुठून, त्याचा स्वभाव गाण्यात कुठे दिसे, हे ते सांगतात. वाचल्यावर त्या गवयाची तबकडी शोधावीशी वाटते. हजार जाहिरातींनी जे होत नाही ते अशा एका लेखाने होते.

याच विद्यालयात तिसाच्या दशकात बेळगावकडचा एक विलक्षण मुलगा आला, कुमार गंधर्व. गळा ईश्वरी होताच, पण मोठेपणी त्यांनी श्रोत्यांशी जे नाते बांधले त्यात मला देवधरांच्या त्या खोल्या दिसतात. ‘गीतवर्षा’, ‘मालवा की लोकधुनें’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ अशा त्यांच्या मैफली एकेका विचाराभोवती बांधलेल्या होत्या. श्रोता नुसता कुमारांना ऐकायला येत नसे, पावसाळा रागांत कसा उतरतो, लोकधुनेतून राग कसा उगवतो, हे पाहायला येई. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापून मोकळ्या केल्या. लाहोरच्या दोन-चार आण्यांच्या पुस्तकांचा वंश तो हाच.

पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव ज्या संस्थेतर्फे होतो तिचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. डिसेंबरच्या थंडीत सतरंजीवर शाल पांघरून बसलेल्या हजारो माणसांकडे पाहिले की गायकाइतकेच कुतूहल मला त्यांच्याविषयी वाटते. यांना हे ऐकायला कोणी शिकवले? कोणाच्या आईने मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या असतात, कोणाच्या आजोबांकडे तबकड्यांचा ढीग असतो, कोणी देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’मध्ये कलावंतांवरचे माहितीपट दाखवतात आणि ‘अंतरंग’मध्ये मुलाखती होतात. संध्याकाळच्या मुख्य मंडपाच्या मानाने तिथे गर्दी थोडी. पण पुढच्या वीस वर्षांच्या सवाईचा श्रोता त्या सकाळच्या सभागृहात घडतो, असे माझे ठाम मत आहे.

गांधर्व मंडळाच्या परीक्षा आजही गावोगाव होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेच्या वर्गात परीक्षक बसलेले असतात, बाहेर व्हरांड्यात तानपुऱ्याचे यंत्र कानाला लावून मुली दुर्गाची छोटी चीज घोटत असतात, आया डबे घेऊन थांबलेल्या असतात. यातले बहुसंख्य कधी व्यावसायिक गाणार नाहीत. नृत्य किंवा गाणे याचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणूनही पुष्कळ जण येतात. त्यावर नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. गुणांसाठी शिकलेला यमनही यमनच असतो, आणि पंधराव्या वर्षी गळ्यातून गेलेला राग चाळिसाव्या वर्षी कानाला ओळखीचा लागतो.

माझी तक्रार वेगळी आहे. या मुलांना गायला शिकवतात, पाठ करायला शिकवतात, दोन्ही स्वरलिप्या लिहायला शिकवतात. पण आठवड्याला एक तास वर्गात बसून केसरबाई ऐकल्या, मग अमीर खाँ ऐकले, दोघांनी तोच राग कसा वेगळा मांडला यावर बोलले, असे फार थोड्या वर्गांत घडते. पूर्वी तबकडी महाग होती, गवई दूर होता. आता सगळे संगीत खिशातल्या फोनमध्ये आहे आणि ते ऐकवणारा मात्र मिळत नाही. काही तरुण गायक-वादक हे काम स्वतःहून करत आहेत. पाच-दहा मिनिटांच्या चित्रफितीत एखादी बंदिश उलगडतात, घराच्या हॉलमध्ये तीस माणसे बसवून आधी बोलतात आणि मग गातात. काही जुनी मंडळी त्याला स्वस्त प्रसिद्धी म्हणतात. मला त्यात कीर्तनाचा पूर्वरंगच दिसतो. अशा तीस माणसांपैकी पाच जण पुढच्या मैफलीला तिकीट काढून येतात आणि येताना मित्राला आणतात, हे मी पाहिले आहे. मंडळाने, महोत्सवांनी आणि संगीत विद्यालयांनी या तरुण कलावंतांना जागा द्यावी, मानधन द्यावे, आणि परीक्षेच्या पाठ्यक्रमात ऐकण्याला गुण ठेवावेत. पलुसकरांकडे १९०१ मध्ये एक तानपुरा आणि भाड्याची जागा होती. आपल्याकडे गावोगाव परीक्षाकेंद्रे आहेत.